मोजायचं कशाला, नाक आहे की!

सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, ॲव्हरेज कोसळलंय, कर्वे रोडच्या सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्या बाईंनी स्कार्फ आणखी घट्ट केला. अभिनंदन! तुमच्या गाडीचं मिश्रण रिच झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. आता निदान करायचं. पहिला नियम : काहीही मोजू नका. ज्यांना माहीत नसतं ते मोजतात. तुम्ही पुण्यात राहता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसतं बॉनेट उघडा. तिसऱ्या मजल्यावरचे काका येऊन 'कार्ब्युरेटर ट्यून करून घ्या' म्हणतील. तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर नाही, हे त्यांना सांगू नका. त्यांचा दिवस चांगला जाऊ द्या.

मग गॅरेज. स्कॅनरवर पी०१७२ उमटेल : मिश्रण फार रिच. म्हणजे स्कूटरवाल्या बाईंना आधीच कळलं होतं तेच. यावरून लगेच ठरवा की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिश्रणाची खबर देणारा ऑक्सिजन सेन्सर बिघडलाय. तक्रार त्याने केली ना? चुगलखोराला आधी काढायचं! व्हॅक्यूमची एखादी नळी क्षणभर सोडवून जास्तीची हवा आत घेतली आणि सेन्सरचं ०.९ व्होल्ट (म्हणजे 'रिच') झटकन खाली आलं, तर तो शाबूत आहे आणि खरं बोलतोय, असली परीक्षा अजिबात घेऊ नका. थेट नाना पेठेत जाऊन नवा आणा. चेक इंजिनचा दिवा विझेल, कारण मेकॅनिकने कोड पुसलाय. पार्टी द्या. दिवा परत लागायच्या आत द्या.

फ्युएल ट्रिमकडे, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्या आकड्याकडे, तर ढुंकूनही बघू नका. उणे २० म्हणजे संगणक आपणहून २० टक्के पेट्रोल कापतोय, तरी कुठून तरी जास्तीचं येतंच आहे : गळका इंजेक्टर, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पण उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, पेट्रोलचा दाब सांभाळणारा पण फाटका प्रेशर रेग्युलेटर. आकडा उलट अधिकमध्ये असला आणि धूर काळाच, तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असू शकते. तिथून बाहेरची हवा शिरते, संगणकाला पेट्रोल कमी वाटतं आणि तो आणखी ओततो. इतका विचार करायचा तर इंजिनिअरिंग कशाला केलं?

कूलंटचा तापमान सेन्सर तपासणं हा तर शुद्ध कद्रूपणा. तो कायम थंड सांगत असेल, तर एप्रिलच्या दुपारी स्वारगेटला उभी असलेली गाडी संगणकाच्या लेखी महाबळेश्वरच्या पहाटेत असते, आणि तो त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. रात्रभर उभ्या गाडीत, स्टार्टर मारण्याआधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं दिसायला हवं. बघायला मिनिट लागतं, पैसे लागत नाहीत. म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येतोय? रुमाल वापरा. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जाईपर्यंत 'पेट्रोलमध्येच भेसळ आहे' म्हणत राहा, आणि दर आठवड्याला पंप बदला.

एवढं करूनही धूर राहिलाच, तर गाडी विकायला काढा. जाहिरातीत लिहा : 'एकहाती, सर्व सेन्सर नवीन.' गिऱ्हाइकाला मात्र अंधार पडल्यावरच बोलवा.