कपाळ एक, कुंकू तीनदा

आज साडेसातला आईच्या खोलीत चहा द्यायला गेले आणि अडकले. मालिकेत नायक नायिकेला कुंकू लावत होता. एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा वरून. मधे वीज कडाडली, सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, परत ते बोट. आणि याच माणसाने आठवड्यापूर्वी तिला फसवून बोहल्यावर उभं केलेलं! ती आपली डोळे मिटून उभी. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "बोलू नकोस, महाएपिसोड आहे."

नाही बोलले. म्हणून इथे लिहितेय.

माझी आजी, आईची आई, मिरजेची. तेरा वर्षांची असताना आत्याबरोबर जाऊन तिने प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' सिनेमा पाहिला. 1937 सालचा. त्यातली नीरा, म्हणजे शांता आपटे. म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी फसवून लग्न लावलेली, आणि त्याला नवरा मानायला साफ नकार देणारी. पुढच्याच वर्षी आजीला बिजवराचं स्थळ आलं, तर ही वडिलांसमोर म्हणाली, "मी नीरा करीन." क्रियापदच केलं की हो बाईने! पणजोबांनी आत्याला फैलावर घेतलं, पोरीला कसले सिनेमे दाखवतेस म्हणून.

आता बघा, 1936 मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून जास्त चालला होता. आजचं चॅनल असतं तर तुकोबांना लीप (कथेत वर्षांची उडी) देऊन देऊन पाच वर्षं पिळलं असतं. यांनी पुढच्या वर्षी काय काढलं, तर 'कुंकू'. त्यात पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज आणि घड्याळाची टिकटिक. ती टिकटिक म्हाताऱ्याला सोसत नाही. वीजबीज काही नाही, तरी पोटात गोळा येतो. हे जमायचं, कारण मालकच कामाला असायचे. शांताराम दिग्दर्शन करायचे, दामले ध्वनी बघायचे, फत्तेलाल नेपथ्य. नटमंडळी पगारी. ठरलं की करायचं, गुरुवारची वाट कोण बघणार?

गुरुवार म्हणजे टीआरपी, मालिका किती लोकांनी बघितली त्याचा आकडा. माझी एक मैत्रीण मालिकांचे संवाद लिहिते. आकडा पडला की शुक्रवारी कथेचा ट्रॅक बदलतो. तिने एकदा नायिकेला सासूसमोर चार वाक्यं दिली, तर वरून निरोप आला, "जरा सोशिक करा." का? तर लोकांना हेच हवंय. अरे, 1937 साली लोकांनी काय अर्ज केला होता, आम्हाला नीरा द्या म्हणून? पणजोबांना तर ती अजिबात नको होती! आधी वर्षानुवर्षं सोशिक बायका वाढायच्या आणि मग म्हणायचं, बघा, ताट चाटूनपुसून खातात.

हो, प्रभात काही देवघर नव्हतं, माहितेय. त्याच शांता आपटे 1939 मध्ये त्याच स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या, कराराच्या भांडणावरून. (पडद्यावरची नीरा अशी फाटकाबाहेर आली म्हणा ना.)

आणि लिहिता लिहिता खरं तेही सांगून टाकते. आजीचं ते स्थळ नीरामुळे मोडलं नव्हतं. पत्रिका जुळली नाही. "जुळली असती तर?" असं विचारलं की आजी सुपारी कातरत बसायची.

शेवटची काही वर्षं आजीही मालिका बघायची. याच वेळी, याच खोलीत. एक भाग चुकवायची नाही. फक्त नायिका गप्प राहिली की टीव्हीवर ओरडायची, "अगं बोल की गं!" आणि आई तिला म्हणायची, "आई, तू बोलू नकोस, ऐकू येत नाही."

आजी गेल्यापासून आई ती मालिकांची वेळ चुकवत नाही. दिवसभर त्या खोलीत तिच्याशी बोलायला असतं कोण? मी चहा ठेवून निघून येते. हे मघाशी दारात उभी असताना सुचलं, तेव्हापासून राग नक्की कुणाचा आलाय तेच कळेना.

आत्ता जाऊन तिला विचारलं, रविवारी 'कुंकू' बघूया का दोघी? म्हणाली, "बघू की. केवढा आहे?" म्हटलं, अडीच तासांहून मोठा. तर म्हणते, "मग चारलाच लाव. साडेसातच्या आत संपला पाहिजे."