आयकर रिटर्न स्वतः भरायचं की सीएकडे द्यायचं?

जुलै लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो: 'कुणी चांगला सीए सांगा, केस सिंपल आहे.' केस सिंपल असेल तर सीए कशाला, आणि सीए लागत असेल तर ती सिंपल कसली?

पगाराच्या आकड्यावर हे ठरत नाही. पैसा किती वाटांनी येतो, त्यावर ठरतं. एकच कंपनी, राहता फ्लॅट, बँकेचं व्याज आणि एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत, तर आयटीआर-1 हा सोपा रिटर्न फॉर्म स्वतः भरा. तासाभराचं काम आहे. फॉर्म 16, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत मिळतो आणि आयकराचं पोर्टल बरेच रकाने आधीच भरून देतं.

भरलेले रकाने बरोबर असतीलच असं मात्र नाही. पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची आयकर विभागाकडे आलेली वर्षभराची यादी, उघडून एकेक ओळ ताडून बघा. निसटतं ते बहुतेक वेळा व्याज. एफडीच्या व्याजातून बँकेने 10 टक्के टीडीएस (देण्याआधीच कापलेला कर) घेतला की कर भरून झाला, ही समजूत घट्ट बसलेली आहे. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेले 20 टक्के तुमच्याच खिशातून जातात. पतसंस्थेतलं व्याज एआयएसमध्ये दिसलं नाही तरी ते दाखवायचंच. गेल्या वर्षीच्या रिफंडवर मिळालेलं व्याजसुद्धा उत्पन्नच!

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांचा ठरलेला घोटाळा म्हणजे वर्षाच्या मधोमध बदललेली नोकरी. समजा वर्ष 2025-26, नवी करप्रणाली, दोन्हीकडे महिना दीड लाख, बदल ऑक्टोबरात. नव्या कंपनीला फॉर्म 12बी, म्हणजे आधीच्या नोकरीतला पगार आणि कापलेला कर सांगणारा फॉर्म, दिला नाही, तर ती फक्त आपले सहा महिन्यांचे 9 लाख बघते. त्यातून 75,000 प्रमाणित वजावट गेली, उरले 8.25 लाख. हे 12 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. प्रत्यक्षात एकूण 18 लाखांवर सेससकट कर होतो 1,50,800. जुन्या कंपनीने त्यातला निम्मा कापला असेल, तर 75,400 तुम्ही भरायचे, वर कर वेळेत न भरल्याचं, कलम 234बी आणि 234सीचं व्याज. यात सीए काही जादू करू शकत नाही. रुजू होतानाच आधीच्या पगाराची ही माहिती द्यायची, बस्स.

जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीचं गणित जपून करा. 2025-26साठी पुणे 'मेट्रो' नाही, त्यामुळे सवलतीची मर्यादा मूळ पगाराच्या 40 टक्के. मूळ पगार 60,000 असेल तर महिना 24,000, मुंबईसारखे 30,000 नाहीत. आणि रिटर्नची मुदत चुकली की जुनी प्रणाली निवडताच येत नाही.

आता सीएची फी कुठे वसूल होते ते. परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळाले असतील, तर निमूट सीए गाठा. शेअर हातात आले तेव्हा कंपनीने टीडीएस कापला, म्हणून विषय संपत नाही. एकही शेअर विकला नसला तरी रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भरायचा, आणि तोही जानेवारी ते डिसेंबर 2025 या वर्षाचा. उत्पन्न मात्र एप्रिल ते मार्च. घोळ होतो तो इथेच. अमेरिकेत लाभांशावर कापलेला कर इथे वळता करून हवा असेल तर फॉर्म 67 वेगळा. परदेशी मालमत्ता 20 लाखांवर असून दाखवली नाही, तर 10 लाखांच्या दंडाची तरतूद आहे. त्यापुढे सीएची फी म्हणजे चिल्लर. एफ अँड ओ, म्हणजे शेअर बाजारात फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्यांनाही हेच लागू. तो व्यवसाय धरला जातो, फॉर्म आयटीआर-3, आणि मुदतीत भरलं नाही तर तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही.

सीए आणि 'रिफंड काढून देणारा' यांत गल्लत करू नका. रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणारा माणूस राजकीय पक्षाच्या देणग्या नाहीतर खोटं घरभाडं दाखवतो. जुलै 2025मध्ये आयकर विभागाने अशांवर देशभर छापे घातले. चुकीची माहिती दिल्याचा दंड, बुडवलेल्या कराच्या 200 टक्के, करदात्याच्या माथी येतो. त्याच्या नाही.

म्हणून काम कुणालाही द्या, पण पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच ठेवा. एजंटाचा ईमेल असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. भरल्यावर 30 दिवसांत रिटर्न ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) झालंय का, तेही आपणच बघायचं.