संप्रदाय बाजूला ठेवून संतकाव्य वाचता येईल का?

समर्थ रामदासांचा सज्जनगड आणि महानुभाव पंथाचे फलटण एकाच जिल्ह्यात असूनही साताऱ्यातला मराठीचा विद्यार्थी संतकाव्याकडे बहुधा रस, अलंकार आणि वृत्त यांच्या उत्तरांपुरताच वळतो, हे मला खटकते. संप्रदाय श्रद्धेचा आणि काव्य अभ्यासाचे, अशी जी वाटणी आपण करून टाकली आहे, तिच्यामुळे काव्यही अर्धेच वाचले जाते.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पाहा. गीतेत ध्यानाच्या आसनाविषयी मोजके श्लोक आहेत. ज्ञानदेव मात्र तेथे कुंडलिनीच्या, म्हणजे देहातील सुप्त शक्तीच्या, जागृतीचे दीर्घ वर्णन करतात. योगसाधनेचा नाथपंथ ठाऊक नसलेल्याला तो निव्वळ कल्पनाविलास वाटतो. वास्तविक ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’ असे ते स्वतःच सांगतात आणि ग्रंथाच्या अखेरीस आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची आपली गुरुपरंपराही नोंदवतात. त्या उपमांमागे एक साधनापद्धती आहे हे कळले, की त्या किती नेमक्या आहेत ते दिसू लागते.

फलटणचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. हे चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ, आणि ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्कामही येथेच. वारकऱ्यांचा कृष्ण विठ्ठल होऊन विटेवर उभा आहे; महानुभाव पंचकृष्ण, म्हणजे परमेश्वराचे पाच अवतार, मानतात आणि विठ्ठलाची उपासना करीत नाहीत. महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे ही रुक्मिणीच्या विवाहाची गीते. पंथाच्या परंपरेनुसार ती गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेप्रसंगी रचली गेली, आणि गोविंदप्रभू पंचकृष्णांपैकी एक. एवढे माहीत नसेल, तर हाती केवळ एक जुने लग्नगीत उरते. (अभ्यासक्रमात बहुधा तेवढेच उरते.)

दासबोधावर तर उघड अन्याय होतो. २० दशकांचा आणि २०० समासांचा हा गुरुशिष्यसंवाद श्रवण-मननासाठी आहे. त्यात तुकोबांच्या अभंगांची आर्तता शोधायची आणि ती सापडली नाही म्हणून ग्रंथाला रूक्ष ठरवायचे, ही कुठली समीक्षा?

अर्थात, यासाठी दीक्षा घ्यावी लागत नाही आणि माळही घालावी लागत नाही. उलट दासबोधाच्या पाचव्या दशकातील ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व सांगणाऱ्या ओव्याही वर्गात वाचल्या पाहिजेत, त्यांवर प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि त्या प्रश्नांना कोणी समर्थांचा अवमान समजू नये.