वॉरंटी कोणाची: वस्तूची की बिलावरच्या नावाची?

भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. एका वापरलेल्या ग्राफिक कार्डचा (संगणकाचं चित्र स्क्रीनवर आणणाऱ्या भागाचा) फोटो, त्याच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर जवळून टिपलेला दुसरा फोटो, आणि प्रश्न: "मावशी, दुकानदार म्हणतो कंपनीची सव्वा वर्ष वॉरंटी बाकी आहे. पण बिल दुसऱ्याच्या नावाचं आहे. चालेल का?"

हा वाद भारतात किती जुना आहे हे मला ठाऊक आहे. मी तिथे शिकत होते तेव्हाही हाच होता. एक बाजू सांगते, सेकंड हँड घेतलं की वॉरंटी संपली असंच समजून भाव करायचा. दुसरी म्हणते, बिल आणि बॉक्स असला की कंपनीला नाही म्हणता येत नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघींची नजर कंपनीवर असते. ज्याने पैसे मोजून घेतले आणि वस्तू हातात दिली, तो दुकानदार या वादात कुठेच नसतो. त्याच्याकडून मिळते ती "टेस्टिंग वॉरंटी". सात दिवस, फार तर पंधरा. तीसुद्धा तोंडी.

गेली अकरा वर्षं मी जर्मनीत राहते. इथे आल्यावर या विषयात मला पहिल्यांदा काही उमगलं असेल, तर ते दोन शब्दांमुळे. एक "गारंटी": उत्पादकाने स्वखुशीने दिलेलं वचन. त्याच्या अटी तो ठरवतो. दुसरा "गेवेरलाइस्टुंग": विकणाऱ्यावर कायद्यानेच असलेली जबाबदारी. नव्या वस्तूसाठी ती दोन वर्षं असते. वापरलेली वस्तू व्यापाऱ्याने ग्राहकाला विकली, तर ही मुदत एक वर्षापर्यंत कमी करता येते, त्याखाली नाही. २०२२ पासून तर ती कमी करायची असेल तर व्यापाऱ्याला ते ग्राहकाला आधी वेगळं सांगावं लागतं आणि त्यावर वेगळी संमती घ्यावी लागते. नुसतं बारीक अक्षरांत छापून भागत नाही. आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो विकतानाच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता, हे सिद्ध करायची जबाबदारी व्यापाऱ्याची.

हे मी अनुभवलं आहे. जुने संगणक तपासून, दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानातून मी वापरलेलं ग्राफिक कार्ड घेतलं होतं. सातव्या महिन्यात स्क्रीनवर हिरव्या चौकटी उमटायला लागल्या, मग मशीन मधेच बंद पडायला लागलं. मी कार्ड घेऊन गेले. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी कधीच संपलेली होती, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारलंही नाही. दुकानाची पावती पाहिली, कार्ड त्यांच्या मशीनमध्ये लावून पाहिलं आणि तसंच दुसरं कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलाने माझ्यावर उपकार केल्याचा आव आणला नाही. हे त्याचं रोजचंच काम होतं. घरी येताना ट्राममध्ये मला खरंच भरून आलं, कारण तिकडे अशा काउंटरवर मी कितीदा हात जोडून उभी राहिले होते ते आठवलं.

पण इथलं सगळं आलबेल आहे असं मी लिहिणार नाही. व्यापाऱ्याऐवजी शेजाऱ्याकडून घेतलं, की हे संरक्षण जवळजवळ गायब होतं. खासगी माणसाला ही जबाबदारी पूर्ण नाकारता येते, आणि बहुतेक जण जाहिरातीच्या खाली ती ओळ लिहितातच: "खासगी विक्री, हमी नाही." दोष माहीत असून लपवला असेल, तर मात्र ती ओळ उपयोगाची नाही. पण माहीत होता हे सिद्ध कोण करणार? मी एकदा अशीच रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी (स्टिक), घेतली. उत्पादकाची "आजीवन" वॉरंटी. चार महिन्यांत एक स्टिक गेली. कंपनीने मूळ बिल मागितलं. विकणारा माणूस अगदी सज्जन होता, पण बिलावर नाव-पत्ता आहे म्हणून द्यायला कचरला. शेवटी पत्त्यावर काळी रेघ ओढून त्याने पाठवलं, तर कंपनीचं उत्तर आलं की ही वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच आहे. स्टिक तीच, दोष तोच. फक्त मालक बदलला म्हणून "आजीवन" हा शब्द संपला.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. वॉरंटी वस्तूला असावी, माणसाच्या नावाला नाही. तीन वर्षं टिकेल असं कंपनीने वस्तूबद्दल सांगितलेलं असतं, गिऱ्हाइकाबद्दल नाही. हे अशक्यही नाही. ईव्हीजीए ही कंपनी २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली, पण तोवर तिची वॉरंटी सिरियल नंबरवर चालत असे, म्हणून दुसऱ्या मालकालाही मिळत असे. जुन्या बाजारात तिच्या कार्डांना मान होता तो यामुळेही.

भाच्याला मी आधी हे सांगितलं की "बाकी आहे" या शब्दावर जाऊ नकोस. प्रत्येक पार्टची गोष्ट वेगळी. एसएसडीचं घे, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचं. तिची वॉरंटी वर्षांत असते आणि लिहिलेल्या डेटातही, यातलं जे आधी संपेल ते. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ मालिकेतली एक टेराबाइटची एसएसडी पाच वर्षं किंवा ६०० टेराबाइट लेखन अशा हिशेबाने येते. दोनच वर्षं वापरलेली, पण रात्रंदिवस लिहीत राहिलेली एसएसडी घेतलीस तर तीन वर्षं "बाकी" असूनही हातात काहीच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये एकूण किती लिहिलं गेलं आणि किती तास चालली ते दिसतं. विकणाऱ्याकडून तो स्क्रीनशॉट मागायला लाजायचं कारण नाही.

हार्ड डिस्कचं आणखी वेगळं. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक जाणाऱ्या डिस्कना डिस्कवाल्या कंपनीची थेट वॉरंटी नसते. ती संगणकाच्या कंपनीकडे असते, आणि डिस्क त्या संगणकातून बाहेर पडली की निराधार होते. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की हे दोन मिनिटांत कळतं. पण आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या हाइजे या प्रकाशनाने उघडकीस आणलं की हजारो तास चाललेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्क आपल्या वापराची नोंद ठेवते ते नेहमी दिसणारे "स्मार्ट"चे आकडे पुसून शून्यावर आणलेले होते. डिस्कच्या आत एफएआरएम नावाची दुसरी नोंद असते, ती शाबूत राहिली आणि तिच्यातून खरे तास बाहेर आले. लोकांनी डिस्क परत केल्या त्या विकणाऱ्या दुकानांकडे. जबाबदार कोण, यावर वाद घालायची गरजच पडली नाही.

प्रोसेसर सहसा मरत नाही म्हणून जुना घ्यायला सगळ्यात निर्धास्त, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगायचो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीने ते खोटं पाडलं. जास्त व्होल्टेजमुळे काही डेस्कटॉप प्रोसेसर आतून झिजत होते. २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि बॉक्समध्ये सुट्या विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. पण जी झीज आधीच झाली ती मायक्रोकोडने भरून निघत नाही. अशा वेळी दुसऱ्या मालकाला वॉरंटी मिळणं हा निव्वळ न्याय आहे. दोष त्याचा नाही, पहिल्या मालकाचाही नाही.

स्क्रूवर चिकटवलेलं "हे काढल्यास वॉरंटी रद्द" हे स्टिकर भारतात अजून धाक दाखवतं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याचा आधार घेऊन तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कंपन्यांना या स्टिकरबद्दल ताकीद दिली. २०२४ च्या पत्रांत एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक ही आपल्या ओळखीचीच नावं होती. कार्डावरची वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलणं ही काळजी आहे, छेडछाड नव्हे. जुना पार्ट घेणारा माणूस सगळ्यात आधी तेच करतो, आणि केलंच पाहिजे.

भारतात २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू झाली. ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण ती चर्चाही पुन्हा कंपनीकडेच बघते: मॅन्युअल द्या, सुटे भाग द्या, सर्व्हिस सेंटरचा पत्ता द्या. हे हवंच. मात्र जुन्या वस्तूच्या दुकानदाराबद्दल त्यात फार काही ऐकू येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे नवीच वस्तू घेणारा, असं कुठे म्हटलेलं नाही. १९३० चा वस्तुविक्री कायदाही दुकानदाराने विकलेला माल विकण्याजोगा असावा असं मानतो. पण वापरलेल्या वस्तूसाठी ही जबाबदारी अमुक महिने, आणि तेवढ्या काळात सिद्ध करायचं ते दुकानदाराने, असा साधा आकडा तिथे नाही. आकडा नाही म्हणून काउंटरवर भांडायला काही नाही, आणि एका रॅमसाठी ग्राहक आयोगात कोण जाणार?

यावर तिकडून ठरलेलं उत्तर येतं: अशी सक्ती केली तर छोटे दुकानदार मरतील, जुना माल महाग होईल. महाग थोडा होईल, हे खरं. इथेही दुकानातलं जुनं कार्ड खासगी माणसाच्या कार्डापेक्षा महाग असतं. तो फरक मी आनंदाने देते, कारण त्यात तपासणी आलेली असते. जो दुकानदार खरंच तपासून विकतो त्याचं यात नुकसान नाही. आज त्याला न तपासता विकणाऱ्याच्या भावाशी झुंजावं लागतं. एकदम वर्ष नको, तीन महिन्यांपासून सुरुवात होऊ दे. पण ती कागदावर असू दे.

"मग तूच येताना तिकडून आण ना," असं भाचा म्हणालाच. दरवर्षी कुणीतरी म्हणतं. मी आणत नाही. इथल्या दुकानाची जबाबदारी विमानात बसत नाही, आणि उत्पादकाची वॉरंटी बऱ्याचदा देशाच्या सीमेशी बांधलेली असते. बिघडलं तर पार्सल इकडे, दुरुस्त होऊन तिकडे, मधे कस्टम. दोन्ही देशांत पाय असलेल्या माणसाला एकाही देशाची वॉरंटी धड मिळत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही फोनवरून सिरियल नंबर तपासला. साइटवर मुदत दिसत होती, पण दावा करायला मूळ बिल लागेल असंही लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं, जुनं बिल मागच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या दुकानाचं बिल घे. त्यावर सिरियल नंबर, "वापरलेले" हा शब्द, आणि किती दिवसांची हमी ते, सही-शिक्क्यासह. दुकानदार आधी नको म्हणाला. भाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. मग फोटो आला: बिलबुकातला गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं, सिरियल नंबरातला एक अंक खोडून पुन्हा लिहिलेला, आणि खाली "३० दिवस बदलून मिळेल".