गोवर ‘येऊन गेलेला बरा’ म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आलाय. गोवर साधं दुखणं आहे, मुलांच्या अंगावर येऊन गेलेलं बरं, लस टोचू नका, असं त्यात म्हटलंय. काका, या वेळी तुम्ही पाठवलात, म्हणून उत्तर देतेय.

‘आमच्या वेळी सगळ्यांना यायचा, काय बिघडलं?’ ज्यांचं बिघडलं ते ग्रुपवर नाहीत. पणजीला मुलं किती झाली आणि उरली किती, आत्याला विचारा.

‘एकदा येऊन गेला की शक्ती कायमची.’ हे खरं आहे. पण ती मिळते कशी, ते बघा. आपलं लक्ष पुरळाकडे; मूल दगावतं ते बहुतेकदा न्यूमोनियानं. आणि बरं झालेलं मूलही बरंचसं कोरं होऊन उठतं. इतर रोगांशी झुंजून अंगात जमलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, हा विषाणू बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो. २०१९ मध्ये संशोधकांनी मुलांच्या रक्तात ही घट मोजून दाखवली. एक शक्ती मिळाली, त्यापायी आधीची बरीच पुंजी गेली. लसीनं असं होत नाही.

‘लसीनं मूल स्वमग्न होतं’, म्हणजे ऑटिझम होतो. या अफवेचं मूळ वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ चा लेख, अवघ्या १२ मुलांवरचा. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली. संबंध सापडला नाही.

‘टोचल्यावर ताप येतो.’ येतो काहींना, आठवड्याभरानं. उतरतो.

‘बाकीच्यांनी घेतलीय, मग आमच्या एकट्यानं काय होतं?’ मला सगळ्यात राग याचा येतो. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहतो. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, तोवर तान्हं बाळ उघड्यावर. २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, साथ पसरली. नऊ महिन्यांच्या आतली बाळंही सापडू लागली, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायची पाळी आली.

आणि ‘सुई तीच वापरतात’ हे तर लसीकरण केंद्रात न गेलेल्या माणसानं लिहिलंय. सरकारी सिरिंजचा दट्ट्या एकदा दाबला की पुन्हा ओढताच येत नाही. नर्सताई लस कालवली की कुपीवर वेळ लिहितात. चार तासांनी उरलेली टाकून देतात.

काका, नातवाचं कार्ड काढा. नऊ महिन्यांचा डोस असेल. सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना बघा. कोरा असला तरी पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत केंद्रात फुकट देतात.