हुर्यो

परवा सिडनीहून भाच्याचा फोन आला होता. त्याला तिथे आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे क्रिकेटपेक्षा फूटीच्याच गप्पा जास्त. बोलता बोलता मी सहज म्हणून गेलो, "तुमच्या त्या अ‍ॅडम गुड्सने आता एवढं ताणू नये. माफी मागितली ना सगळ्यांनी? झालं गेलं गंगेला मिळालं." पलीकडून पोरगा शांतपणे म्हणाला, "मामा, हे त्याने म्हणायचं. तू कसं म्हणतोस?"

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितोय.

ज्यांना फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३६ ऑलआऊटनंतर आपल्या अजिंक्यने ११२ काढले ते मेलबर्नचं मैदान आठवतं ना? तिथेच दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी या खेळाची फायनल होते आणि लाखभर माणूस जमतं. अंडाकृती चेंडू, एका बाजूला १८ गडी, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की ६ गुण, कडेच्या फटीतून गेला तर १. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. आणि अंगावर पॅड-बीड काही नाही.

गुड्स हा याच खेळातला मोठा खेळाडू, आईकडून आदिवासी, अद्न्यामथन्हा आणि नारुंगा या समाजांचा. त्याच्या आईला लहानपणी सरकारने घरच्यांपासून तोडून नेलं होतं, तिकडे त्या मुलांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. लहानपणी हा पोरगा साधा फुटबॉल खेळायचा, फूटी नंतर आली. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, सिडनी स्वान्स या क्लबने त्याला ४३ व्या क्रमांकावर उचलला, म्हणजे आधी ४२ पोरं निवडून झाल्यावर. १९९९ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे २००५ मध्ये स्वान्सने ७२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. २०१२ च्या फायनलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना तो शेवटपर्यंत मैदानात राहिला, शेवटच्या क्वार्टरमध्ये गोलही मारला, आणि स्वान्स १० गुणांनी जिंकले. एकूण ३७२ सामने, ४६४ गोल, सगळे एकाच क्लबसाठी.

आणि मोसमातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारी दोन ब्राउनलो पदकं, २००३ आणि २००६. हे पदक कोण ठरवतं माहितीये? पंच. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात. त्या मोसमात गैरवर्तनासाठी बंदी आली असेल तर कितीही मतं पडोत, पदक नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२४ मे २०१३, शुक्रवारची रात्र, मेलबर्न, समोर कॉलिंगवूड क्लब. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी ठेवलेल्या फेरीचा तो पहिलाच सामना. कुंपणाजवळून एका प्रेक्षकाने त्याला 'एप', म्हणजे वानर, म्हटलं. त्याने वळून बोट दाखवलं, सुरक्षारक्षकांनी त्या प्रेक्षकाला बाहेर काढलं, तर ती १३ वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी हाच माणूस सांगत होता की तिला झोडपू नका, तिला आधार द्या, ती जिथून शिकली ते बघा. पाचच दिवसांनी कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर त्याचं नाव 'किंग काँग'च्या जाहिरातीशी जोडून मोकळे झाले. त्या रात्री सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्याची माफी मागणारे हेच गृहस्थ.

२०१४ मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला, वंशभेदावर स्पष्ट बोलत राहिला. आणि हुर्यो वाढत गेली. चेंडू त्याच्या हातात आला की स्टेडियम ओरडायचं. २०१५ मध्ये एका गोलनंतर त्याने आदिवासी युद्धनृत्याची चार पावलं टाकली, हवेत भाला फेकल्याची खूण केली, मग तर विचारूच नका. कारण विचारलं की उत्तर तयार: रंगाचा प्रश्नच नाही हो, तो नाटक करून फ्री किक उकळतो.

बरं. १४ मोसम तो असाच खेळत होता, पंचांनी दोनदा सर्वोत्कृष्ट आणि सर्वात सभ्य ठरवला, तेव्हा कुणाला नाटक दिसलं नाही. तो बोलायला लागल्यावर दिसलं. 'आम्ही जात मानत नाही, पण तो माणूसच तसा आहे' हे वाक्य ज्याने आपल्या लग्नकार्यात, ऑफिसात ऐकलंय, त्याला या खुलाशाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

त्याच वर्षी जुलैत पर्थच्या सामन्यानंतर त्याने सुट्टी घेतली. परत आला, मोसम संपवला, सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. फायनलच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानावर फेरी मारायला बोलावतात, तो गेला नाही. २०१९ मध्ये फूटीच्या लीगने आणि सगळ्या १८ क्लबांनी माफी मागितली. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम देऊ केला, त्याने तो नाकारला. मित्र मायकल ओ'लॉक्लिनबरोबर काढलेल्या संस्थेतून तो आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम करतो.

मला आधी हा अहंकार वाटायचा. आता वाटत नाही. माफी मागणं हे मागणाऱ्याचं काम होतं, ते त्याने चार वर्षं उशिरा केलं. त्याची पावती म्हणून समोरच्याने हार घालून घ्यायला यावं, हा कुठला हिशोब?

आता माझं.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सिराजला प्रेक्षक नको ते बोलले, तेव्हा मी इथेच भली मोठी पोस्ट टाकली होती. 'गोऱ्यांचा माज' वगैरे. शोधलीत तर सापडेल. त्यात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. १७ ऑक्टोबर २००७ ला मी वानखेडेवर होतो. अँड्र्यू सायमंड्स आला की आजूबाजूचे लोक माकडाचे आवाज काढत होते, काखा खाजवून दाखवत होते. पोलिसांनी काहींना बाहेर काढलं. मी आवाज काढला नाही, पण हसलो. आमच्या कट्ट्यावर नंतर म्हणालोही, आपण तर मारुतीराया पूजतो, यात अपमान कसला?

सायमंड्स मे २०२२ मध्ये गाडीच्या अपघातात गेला. त्या दिवशी मी त्याच्यावर हळवी पोस्ट लिहिली, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइक केली. वानखेडेचा त्यात एक शब्द नव्हता.