म्हणे याला उजवा पायच नाही!

फुटबॉलची मॅच संपली की आपल्या संघाच्या डावखुऱ्या विंगरवर (मैदानाच्या कडेने हल्ला चढवणाऱ्या खेळाडूवर) चाहत्यांची टीका झाली सुरू! एक संधी हुकली की 'फॉर्म गेला, विका याला'. चेंडू डाव्या पायावर घेतला की 'उजवा पाय फक्त उभं राहायला'. अरे, डावखुऱ्या विंगरला उजवीकडे मुद्दाम खेळवतात, आत वळून शॉट मारता यावा म्हणून! डच विंगर रॉबेनने वर्षानुवर्षं तेच केलं. बचावपटूंना ठाऊक असायचं, तरी अडवता यायचं नाही. २०१३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला विजयी गोलही त्याच्या डाव्याच पायाचा! आणि फॉर्म एका सामन्यावरून ठरवता? फुलबॅक (कडेचा बचावपटू) मदतीला मागून पुढे येत नव्हता, दोघं-दोघं अंगावर होते, पास उशिरा मिळत होते, ते दिसलं नाही? पुढच्या सामन्यात यानेच गोल केला की हीच मंडळी नाचणार. संताप येतो नुसता!